पंचाहत्तरीचा परवाना

आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की पंचाहत्तर दिवे लावून ओवाळतात, जमल्यास तुला करतात, नातवंडे पाया पडतात. ब्रिटनच्या सरकारने २००० साली याच वयाला एक निराळी भेट दिली. ज्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेली व्यक्ती राहते, त्या घराला टीव्हीचा परवाना फुकट. १ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे वीस वर्षांच्या आत, ही भेट बहुतेकांकडून परत घेतली गेली. एकदा दिलेली सवलत म्हाताऱ्या माणसांकडून काढून घ्यायची आणि वर तिची वसुलीही करायची, हे काम एखाद्या देशाला किती जड जाऊ शकते याचा हा इतिहास आहे. मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे आणि थकबाकीच्या नोटिसांशी माझा रोजचा संबंध येतो. म्हणून या प्रकरणाची कागदपत्रे आणि बातम्या गेली काही वर्षे मी आवडीने वाचत आलो आहे.

तरुण वाचकांना 'टीव्हीचा परवाना' हा शब्दच विचित्र वाटेल. पण आपल्याकडेही तो होता. रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. त्याची एक छोटी पुस्तिका असे, दरवर्षी पैसे भरले की तिच्यात तिकीट चिकटवून शिक्का मारत. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत अशी एक पुस्तिका अजून आहे, तिची पाने पिवळी पडली आहेत पण शिक्के स्पष्ट वाचता येतात. सत्तरीच्या दशकात रेडिओचे वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीचे ५० रुपये पडत. तपासनीस घरी येऊन पुस्तिका मागू शकत असे आणि परवाना नसेल तर दंड, प्रसंगी रेडिओ जप्त. आपल्या वडोदऱ्यात तर संस्थानचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते. देशी संस्थाने विलीन झाली तेव्हा हैदराबाद, औरंगाबाद, म्हैसूर आणि त्रिवेंद्रम यांच्याबरोबर ते आकाशवाणीकडे आले. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १९७६ मध्ये, आणि पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारने परवाने बंदच करून टाकले. घरोघर हिंडून पंधरा रुपये गोळा करण्यापेक्षा तिजोरीतून आणि जाहिरातींतून खर्च भागवणे आपल्या सरकारला सोपे वाटले. ही पद्धत आपण घेतली होती ब्रिटिशांकडून. त्यांनी मात्र ती आजतागायत सोडलेली नाही.

ब्रिटनमध्ये बीबीसी सुरू झाली १९२२ मध्ये, आणि त्याच वर्षी रेडिओचा दहा शिलिंगांचा परवाना आला. पैसे गोळा करायचे काम टपाल खात्याचे. लोक घरी स्वतःच रेडिओ जोडत आणि परवाना घ्यायचे टाळत, म्हणजे चुकवेगिरी ही परवान्याइतकीच जुनी आहे. महायुद्धात बंद पडलेला टीव्ही जून १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा रेडिओ-टीव्हीचा मिळून दोन पौंडांचा परवाना निघाला. १९६८ मध्ये रंगीत टीव्हीसाठी पाच पौंड जास्त, म्हणजे एकूण दहा पौंड झाले. १९७१ मध्ये फक्त रेडिओचा परवाना रद्द झाला. कृष्णधवल टीव्हीचा स्वस्त परवाना मात्र अजून चालू आहे आणि काही हजार लोक तो अजून घेतात!

चुकवणारे सापडावेत म्हणून टपाल खात्याने १९५२ पासून शोधक व्हॅन रस्त्यावर आणल्या. माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा असल्यामुळे इथे थोडा रेंगाळतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे. त्या काळचा ब्रिटिश टीव्ही ४०५ ओळींचा होता आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवी. दोन्हींचा गुणाकार केला की १०,१२५ येतात. म्हणजे चित्रनळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे सेकंदाला दहा हजारांवर वेळा फिरे, आणि तो फिरवणाऱ्या वेटोळ्यांभोवती त्याच वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र तयार होई. व्हॅनवरच्या मोठ्या वेटोळ्यांना ते रस्त्यावरून जाणवे. पुढच्या पिढीच्या व्हॅन टीव्हीतल्या स्थानिक आंदोलकातून जी किंचित लहर बाहेर गळते, ती पकडू लागल्या. तत्त्व खरे आहे, त्यात थाप नाही. पण व्हॅनचा खरा उपयोग धाकासाठीच झाला. वृत्तपत्रांतून जाहिरात करून व्हॅन गावात येणार असे सांगितले की टपाल कार्यालयात रांगा लागत. व्हॅनने पकडलेला संकेत न्यायालयात मुख्य पुरावा म्हणून मांडण्याची पद्धत कधी पडली नाही. फार तर घराच्या झडतीचे वॉरंट मिळवण्यापुरता तो वापरतात. खरी शोधयंत्रणा म्हणजे पत्त्यांची यादी. देशातल्या घरांच्या यादीतून परवाना असलेली घरे वजा करायची आणि उरलेल्यांना पत्रे पाठवत राहायची. आमच्याही कार्यालयात थकबाकीदार असेच सापडतात, व्हॅनची गरज पडत नाही.

वसुलीच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. जानेवारी १९७५ मध्ये गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी जाहीर केले की रंगीत टीव्हीचा परवाना १ एप्रिलपासून १२ पौंडांवरून १८ पौंड होणार. हिशेबी लोकांनी जुना परवाना संपायच्या आधीच मार्चमध्ये जाऊन १२ पौंडांत नवा घेतला. असे जवळजवळ साडेचोवीस हजार लोक निघाले. गृहखात्याने त्यांना पत्रे धाडली की उरलेले सहा पौंड भरा, नाहीतर परवाना रद्द. त्यांच्यात अँड्र्यू काँग्रीव्ह नावाचे एक वकील होते, ते न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले, पण डिसेंबर १९७५ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने गृहखात्याला चांगलेच सुनावले. संसदेच्या संमतीवाचून नागरिकांकडून पैसा उकळता येत नाही, आणि त्यासाठी परवाना रद्द करण्याची धमकी देणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असा निकाल झाला. आधार १६८९ च्या हक्कांच्या कायद्याचा. सहा पौंडांसाठी तीनशे वर्षांमागचा कायदा बाहेर निघाला! १९९१ मध्ये वसुलीची जबाबदारी गृहखात्याकडून खुद्द बीबीसीकडे आली. ते काम आज कॅपिटा नावाची खासगी कंपनी ठेक्याने करते.

वृद्धांचा प्रश्न या सगळ्यात फार दिवस लोंबकळत होता. वृद्धाश्रमात किंवा देखरेखीच्या वसाहतीत राहणाऱ्यांसाठी एक जुनी सवलत होती. एकेकाळी त्यांना परवाना पाच पेन्सला मिळे, आता साडेसात पौंडांना मिळतो. पण त्याच गल्लीत स्वतःच्या घरात एकटी राहणारी, तेवढ्याच पेन्शनवर जगणारी बाई पूर्ण रक्कम भरायची. हा भेद लोकांना खुपत असे. अंध व्यक्तींना आजही अर्धी फी पडते. नोव्हेंबर १९९९ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी पंचाहत्तरी उलटलेल्या सर्वांना परवाना मोफत जाहीर केला आणि १ नोव्हेंबर २००० पासून तो मिळू लागला. तेव्हा फी १०४ पौंड होती. चौऱ्याहत्तरीत असणाऱ्यांना वाढदिवसापर्यंतचा थोड्या मुदतीचा परवानाही मिळे, इतका बारीक विचार केला होता. एक गोष्ट मात्र सोडून दिली होती, ती म्हणजे उत्पन्न. लॉर्ड असो की गिरणीतला निवृत्त कामगार, दोघांनाही परवाना फुकट. बीबीसीचे नुकसान सरकारी तिजोरीतून भरून येत असे, त्यामुळे सुरुवातीला कोणालाच ही सवलत महाग वाटली नाही.

माणसे जास्त जगू लागली तसा खर्च वाढला. २०१० मध्येच सरकारने हा बोजा बीबीसीच्या अंगावर ढकलायचा विचार केला होता, पण विश्वस्त मंडळाने कडाडून विरोध केल्यावर तो मागे पडला. जुलै २०१५ मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ते करून दाखवले. बंद दाराआड थोड्या दिवसांत वाटाघाटी झाल्या, लोकांना विचारले नाही. ठरले असे की २०१८-१९ पासून सरकार आपला वाटा कमी करत जाईल आणि २०२०-२१ पासून सगळा खर्च बीबीसीने उचलायचा. बदल्यात महागाईच्या प्रमाणात फी वाढवू देऊ आणि संगणकावर बीबीसीचे कार्यक्रम पाहणाऱ्यांनाही परवाना लावू. २०१७ च्या कायद्याने सवलत कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकारही बीबीसीकडे गेला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाच्या जाहीरनाम्यात मात्र वृद्धांचा मोफत परवाना कायम ठेवण्याचे वचन होते. पैसे देणे आपण थांबवायचे, वचनही आपणच द्यायचे, आणि नकार दुसऱ्याच्या तोंडून वदवायचा. सरकारी कामकाज पाहिलेल्या कोणालाही ही युक्ती ओळखू येईल. वरून फाइल खाली येते, खालच्या माणसाला सही करावी लागते, आणि पुढे चर्चा त्या सहीची होते.

बीबीसीने हिशेब मांडला. सवलत तशीच ठेवली तर २०२१-२२ पर्यंत वर्षाला ७४.५ कोटी पौंड जातील, म्हणजे खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि मग बीबीसी टूपासून वृत्तवाहिनीपर्यंत बरेच काही बंद करावे लागेल. १० जून २०१९ रोजी निर्णय जाहीर झाला. पंचाहत्तरीपुढच्या ज्या घरांना 'पेन्शन क्रेडिट' मिळते त्यांनाच यापुढे परवाना मोफत. पेन्शन क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना सरकार देते तो २००३ पासूनचा पूरक भत्ता. या निर्णयाने सुमारे ३७ लाख घरांची सवलत जाणार होती. एज यूके या संस्थेच्या विरोधी अर्जावर सहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाल्यावर म्हणू लागले की हे पैसे बीबीसीनेच द्यायला हवेत, जणू सरकारचा संबंधच नव्हता.

इथे माझे स्वतःचे मत सांगतो. श्रीमंत म्हाताऱ्याला फुकट द्यायचे कारण नव्हते, त्यामुळे उत्पन्न पाहणे हे तत्त्व चूक नाही. चूक मोजपट्टीत आहे. पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी दर दहांत सुमारे चार जण ते मागतच नाहीत. कोणाला माहीत नसते, कोणाला लांबलचक फॉर्म झेपत नाही, कोणाला हात पसरल्यासारखे वाटते. आपल्याकडे विधवा पेन्शनचा अर्ज भरायला न येणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणजे जी घरे सर्वांत गरजू आणि सर्वांत संकोची, नेमक्या त्यांनाच भत्ताही नाही आणि परवान्याचे बिलही आले. त्यांच्या वर, भत्त्याच्या मर्यादेपेक्षा आठवड्याला दोन-चार पौंडच जास्त मिळणारे, तेही सुटले नाहीत. बीबीसीची अडचणही खरी होती. लोकांचे उत्पन्न तपासायची यंत्रणा तिच्याकडे नाही, म्हणून सरकारची तयार यादी वापरणे हाच स्वस्त मार्ग होता. आणि या निमित्ताने बरेच वृद्ध पेन्शन क्रेडिट मागू लागले तर चांगलेच, असा युक्तिवादही झाला. तो अगदीच खोटा नाही.

निर्णय १ जून २०२० पासून लागू व्हायचा होता. मार्चमध्ये करोना आला. पंचाहत्तरीपुढच्यांना घराबाहेर पडू नका असे सांगितले जात होते, नातवंडे काचेच्या पलीकडून हात हलवत होती, आणि दिवसभर सोबत होती ती टीव्हीची. तारीख दोन महिन्यांनी पुढे गेली, त्यापुढे नाही. १ ऑगस्टनंतर जवळजवळ ४५ लाख घरांना पत्रे जाऊ लागली. पैसे भरा, नाहीतर पेन्शन क्रेडिटचा पुरावा पाठवा. वार्षिक फी तेव्हा १५७ पौंड ५० पेन्स होती.

पत्रानंतर काय, हा प्रश्न कळीचा होता. ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय टीव्ही पाहणे हा दिवाणी थकबाकीचा प्रश्न नाही, २००३ च्या दूरसंचार कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा आहे. दंड एक हजार पौंडांपर्यंत. परवाना नाही म्हणून तुरुंग नाही, पण न्यायालयाने केलेला दंड जाणूनबुजून भरला नाही तर तुरुंग होऊ शकतो. एका काळी तिथल्या कनिष्ठ फौजदारी न्यायालयांतल्या दर दहा खटल्यांत एकाहून अधिक खटला टीव्ही परवान्याचा असे. २०१५ पासून असे खटले एकच मॅजिस्ट्रेट, बहुधा आरोपी समोर नसताना, नुसत्या कागदांवर निकाली काढतो. दोषी ठरणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश बायका असतात, कारण तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरी बाई असते आणि दारही तीच उघडते. पत्राला उत्तर न दिलेल्या ऐंशीच्या घरातल्या आजीबाईंना या रांगेत उभे करायचे का, यावर वृत्तपत्रांतून रण माजले. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने हा गुन्हा फौजदारी ठेवावा का यावर लोकांची मते मागवली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तूर्त आहे तसेच राहू द्यावे असे ठरवले.

वृद्धांनीही आपल्या परीने लढा दिला. सिल्व्हर व्हॉइसेस नावाच्या संघटनेने सभासदांना सांगितले की बँकेतून आपोआप पैसे जाण्याची सोय रद्द करा आणि चेकने भरा, म्हणजे त्यांच्या कारकुनांना प्रत्येक चेक हाताने नोंदवावा लागेल. कायदा मोडायचा नाही, फक्त कार्यालयाची दमछाक करायची. आमच्या आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्यांना यातली खोच बरोबर कळेल. बीबीसीने जपून पावले टाकली. जुन्या लाभार्थींना ३१ जुलै २०२१ पर्यंत मुभा दिली, वृद्धांसाठी आठवड्याला किंवा पंधरवड्याला थोडेथोडे भरण्याची योजना काढली, आणि दारात जाणाऱ्या माणसांचे काम मदत करणे आहे असे सांगितले. मुदत संपेपर्यंत दर दहांपैकी नऊहून अधिक घरांनी काही ना काही व्यवस्था केली होती. म्हणजे वसुली झाली. पण हे आकडे भरणाऱ्यांचे आहेत. भीतीपोटी किती जणांनी भरले आणि किती जणांनी टीव्हीच विकून टाकला, हे कुठल्याही वसुलीच्या तक्त्यात येत नाही. आमच्याही येत नाही.

जर्मनीने २०१३ मध्ये ही कटकटच मिटवली. टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे ठरावीक वर्गणी, त्यामुळे दारावर जाऊन संच आहे का हे पाहण्याची गरज उरली नाही, आणि वृद्धापकाळी सरकारी आधारावर जगणाऱ्याला अर्ज केल्यावर माफी. आयर्लंडमध्ये सत्तरीपुढच्यांना अजून मोफत परवाना मिळतो आणि त्याचा भार सरकारच उचलते. फ्रान्सने २०२२ मध्ये फीच रद्द केली. ब्रिटनमध्ये मात्र एप्रिल २०२५ मध्ये फी १७४ पौंड ५० पेन्स झाली. बीबीसीची सध्याची सनद २०२७ अखेर संपते, तोवर तरी हीच पद्धत चालणार.

साठ-सत्तरच्या दशकात ब्रिटिश रुग्णालयांत नोकरीला गेलेले मराठी डॉक्टर आता ऐंशीच्या आसपास आहेत. १९३२ पासून चालू असलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात अशी पिढी भेटते, आणि आपल्या मंडळातल्या काही घरांचे काका-मावशी, आत्या-मामा तिकडे आहेत. त्यांतले बहुतेक सुस्थितीत असल्याने फी भरतील आणि विसरून जातील. पण सगळेच डॉक्टर नव्हते. कोणी कारखान्यात होते, कोणी दुकान चालवले, आणि मागे राहिलेल्या कित्येक बायकांच्या नावे स्वतःची पुरती पेन्शनही नाही. त्यांच्याशी फोनवर बोलाल तेव्हा एवढे जरूर विचारा की पेन्शन क्रेडिटचा अर्ज केला आहे का. तो मंजूर झाला आणि वय पंचाहत्तरीपुढे असेल तर परवाना मोफत मिळतो, मात्र त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. घरातला माणूस गेला आणि परवाना त्याच्या नावावर असला तर तो बदलून घ्यावा, नाहीतर गेलेल्या माणसाच्या नावाने पत्रे येत राहतात. परवान्याचा माणूस दारात आला तर वॉरंट नसताना त्याला घरात घ्यायची सक्ती नाही. दारातूनच बोलावे, आणि वाटल्यास फोन करून मुलाला किंवा शेजाऱ्याला बोलावून घ्यावे.